भांड्यातल्या चार रेघा

इसाजी वाकरूळकरांच्या घरी एकतीस मिक्सर आहेत आणि त्यांची बायको शोशाना चटणी वाटायला माझ्याकडे येते. हे मी विनोदाने सांगत नाही. खांदा कॉलनीत आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. गेली बावीस वर्षं ही बाई ओलं खोबरं, मिरच्या आणि कोथिंबीर ताटलीत घेऊन माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आपण ज्याला मिक्सर म्हणतो तो इसाजींच्या लेखी मिक्सरच नव्हे. त्यांचे मिक्सर परदेशातले आणि जुने. जाड पाया, त्यावर उभा खांब, खांबावरून बगळ्यासारखं पुढे आलेलं डोकं आणि डोक्याखाली भलंमोठं भांडं. डोक्यात फेटणी अडकवायची आणि भांड्यात अंडी, लोणी, पीठ, काय हवं ते घालायचं. कुठला इंग्लंडचा, कुठला जर्मनीचा, तर कुठला अमेरिकेचा. ते अमेरिकेचे एकशे दहा व्होल्टचे. आपल्या विजेवर थेट लावले की धूर निघतो, हे पनवेलमधल्या निम्म्या गल्फवाल्या घरांना इसाजींनी शिकवलं आहे, अर्थात धूर निघून गेल्यावर. पलंगाखाली मिक्सर, माळ्यावर मिक्सर, देव्हारा नाही म्हणून रिकाम्या राहिलेल्या कोनाड्यात मिक्सर. शोशाना म्हणते, "माझं लग्न झालं तेव्हा सासू नव्हती. आता एकतीस आहेत."

याची सुरुवात त्यांच्या बहिणीपासून झाली. रूबी इस्राएलला गेली एकाहत्तर साली. त्यांच्या ज्यू समाजातले बहुतेक सगळेच हळूहळू तिकडे गेले, इसाजी तेवढे राहिले. का राहिले असं विचारलं की म्हणतात, "कुणीतरी कुलूप लावायला नको?" रूबी चौऱ्याऐंशीला भेटीला आली ती एक मिक्सर घेऊन, आणि आठ दिवसांत तो बंद पडला. शहरातल्या तीन दुकानदारांनी हात वर केले. इसाजी रसायनीच्या एका कंपनीत यंत्रांची दुरुस्ती करायचे. त्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर पसरली, मिक्सर उघडला आणि तिसऱ्या दिवशी तो सुरू केला. तेव्हापासून कुणी परत आलं, कुणी कायमचं निघून गेलं, कुणाच्या घरात कुवेत-जेद्दाहून आणलेलं धूड गंजत पडलं की सगळ्या वाटा यांच्या दारात येतात. काही लोक दुरुस्त करून नेतात. काही नेतच नाहीत आणि मग त्या मिक्सरला पलंगाखाली जागा मिळते.

काम मात्र बघत राहावं असं. उघडण्याआधी वहीत चित्र काढणार, मोबाइलवर फोटो घेणार, मग एकेक स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशने घासणार. जुनं ग्रीस नखाने खरवडणार. रंग उडाला असेल तर तोच रंग मिळेपर्यंत मुंबई पालथी घालणार. आणि एक हट्ट कायमचा. मशीन कारखान्यातून निघाली तशी परत गेली पाहिजे. मधली चाळीस वर्षं तिच्यावर दिसता कामा नयेत. लोक घरी नेऊन मशीन बघतात तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्या न बसलेल्या विश्वासावर इसाजी जगतात. पैसे घेतात ते सामानापुरते.

मी एकदा चिडून म्हटलं होतं, "अहो इसाजीभाऊ, माणसाला सुरकुत्या चालतात, मग मिक्सरला का नको?"

ते म्हणाले, "बाई, सुरकुत्या माझ्या हातात नाहीत. हे आहे."

मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, तेव्हा शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहिला की मला झोप येत नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी जागी होते.

ताहिराला त्यांच्याकडे मीच नेलं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणला असं कुणी म्हणायला नको. ताहिरा माझी विद्यार्थिनी, पाचवी ते सातवी, पहिल्या बाकावरची. आता कामोठ्याला राहते, चाळिशी ओलांडली आहे. तिचे वडील झकेरियाभाई कुवेतला होते. ते वारले, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या अम्मीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताहिरा तिला आपल्या घरी घेऊन आली. अम्मी सगळं ओळखते, सगळं ऐकते, पण बोलता येत नाही. डाव्या हाताने चमचा धरून जेवायला शिकली तीच मोठी कमाई. पहिल्यांदा डाव्या हाताने जेवायची तिला लाज वाटायची, दाराकडे पाठ करून बसायची. ताहिराने सहा महिने समजूत घातली तेव्हा कुठे ती सगळ्यांबरोबर बसू लागली.

अम्मीचा एक केक होता. रव्याचा, ओलं खोबरं घातलेला, वरून किंचित करपवलेला. ताहिराच्या वाढदिवसाला शाळेत यायचा आणि शिक्षकांच्या खोलीत त्याच्यावरून भांडणं व्हायची, त्यात मीही असायची. झटका आल्यापासून अम्मीच्या तोंडाची चव गेली होती. दोन घास खाऊन ताट सरकवायची. ताहिराच्या मनाने घेतलं की तो केक केला तर अम्मी खाईल. ईदच्या आदल्या दिवशी तिने वडिलांनी कुवेतहून आणलेला अम्मीचा जुना मिक्सर काढला, तर तो नुसता हूं हूं करून थांबला. ईद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली, मी समोरचा दरवाजा वाजवला.

"अंकल, फक्त फिरायला लागला तरी पुरे," ताहिरा म्हणाली. "बाकी काही नको."

इसाजींनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खूष झाले. "ग्रीसचं डांबर झालंय. मोटर जिवंत आहे. सोड माझ्याकडे, बेटा."

"फक्त फिरायला लागला तरी पुरे" हे वाक्य मी ऐकलं होतं, त्यांनीही ऐकलं होतं. पण इसाजींना फक्त असं काही येतच नाही.

त्यातून इसाजींचा पेसाहचा सण तोंडावर आलेला. त्यांच्यात पेसाहचे आठ दिवस आंबवलेलं काही खात नाहीत, आणि त्याआधी घरातून पिठाचा, पावाचा कण न् कण काढायचा असतो. पूर्वी त्यांची आई घराला चुना लावायची, सगळ्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, माळ्यावरच्या फटी कुंच्याने टोकरायची. इसाजी लहानपणी खिशांचे कोपरे उलटे करून दाखवायचे, तेव्हा कुठे आईचं समाधान व्हायचं. शोशानाही त्याच चालीची. दरवर्षी या सुमारास ती मिक्सर मोजते आणि पिठात राबलेलं एकही भांडं न घासलेलं दिसलं तर जेवायला वाढत नाही. ताहिराच्या मिक्सरचं भांडं अॅल्युमिनियमचं, काळवंडलेलं, कडेच्या घडीत तीस वर्षांचा रवा वाळून बसलेला. इसाजींनी दोन दिवस घासलं. निघेना. मग त्यांनी ठरवलं की कळंबोलीला काशीरामकडे द्यायचं.

काशीराम बफिंग करतो. लोखंडबाजाराच्या मागच्या अंगाला त्याचं शेड आहे, मोटरवर कापडाचं चाक फिरत असतं आणि धातू त्यावर धरला की झळकतो. मला त्या दिवशी कळंबोलीला भाचीकडे जायचंच होतं. भांडं पिशवीत घालून मीच नेलं. रिक्षात बसल्या बसल्या आत हात घालून पाहिलं, तर बोटाला ओरखडे जाणवले. एकाखाली एक, आडवे. मला वाटलं, तारेच्या घासणीचे असतील. आणि मनात असंही आलं की ताहिराच्या घरच्यांना भांडं नीट घासता येत नाही. हे मला आठवतं आणि अजून स्वतःची लाज वाटते. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, शंका आली तर विचारा. शंका आली नाही, इथेच सगळं संपलं.

काशीरामला मी निरोप दिला, "साहेबांनी सांगितलंय, आरशासारखं हवं."

"व्हईल," तो म्हणाला. "आतूनबी?"

"आतूनही."

पेसाह पार पडल्यावर ताहिरा मिक्सर न्यायला आली. इसाजींनी तो टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर ठेवला होता. फिकट निळा रंग, दोन्ही बाजूंच्या चकत्या चमकत होत्या, भांडं तर असं की त्यात छतावरचा पंखा दिसत होता. बटण फिरवलं आणि मशीन मांजरासारखी घुरघुरली. ताहिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंकल, हे आमच्या घरी आलं तेव्हासुद्धा एवढं चांगलं नव्हतं." इसाजी लाजले. मग तिने सवयीने भांड्यात हात घातला.

हात आत फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तिने भांडं उचलून खिडकीशी नेलं, तिरकं केलं, सरळ केलं.

"रेघा कुठे आहेत?" तिने विचारलं.

मग सगळं कळलं. केकची कृती कुठे लिहिलेली नव्हती. अम्मीला लिहिता-वाचता छान यायचं, पण कृती लिहून ठेवणं तिला कमीपणाचं वाटायचं. आणि अंडी गावठी, कधी बारीक कधी मोठी, त्यामुळे मोजून उपयोग नसायचा. मिक्सर नवा असताना तिने सात-आठ केक बिघडवले, आणि ज्या दिवशी जमला त्या दिवशी खिळ्याने भांड्यात आतून चार रेघा मारल्या. पहिल्या रेघेपर्यंत अंडी. दुसऱ्या रेघेपर्यंत ती साखरेबरोबर फुगली पाहिजेत. तिसरीपर्यंत रवा, चौथीपर्यंत खोबरं आणि तूप. मुलींनी विचारलं की म्हणायची, "रेघ बघ, बस." फेटता फेटता मधेच वीज गेली तरी ती अंधारात बोटाने रेघ चाचपून अंदाज घ्यायची.

इसाजी खुर्चीवर बसले. इतकंच म्हणाले, "मला वाटलं ओरखडे आहेत."

"मलाही," मी म्हटलं. पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

ताहिरा भली मुलगी. ओरडली नाही, रडली नाही. "जाऊ दे अंकल, तुम्हाला काय माहीत," असं म्हणून ती भांडं टॉवेलने पुसायला लागली. पुसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस त्या माणसाचे हाल मी समोरच्या दारातून पाहिले. भांडं त्यांनी मागून ठेवून घेतलं होतं. टॉर्च आडवा धरून बघत. काजळ चोळून पुसत, खोलगट जागी काळं राहील म्हणून. वाफ धरत. मोबाइलमधला फोटो सापडला, तर भांड्यात त्यांनीच काढलेले स्क्रू, फेटणी आणि चिंध्या भरून ठेवलेल्या, आतली कड बोटभरसुद्धा दिसत नव्हती. मग कळंबोलीला गेले, मला बरोबर घेऊन.

काशीराम म्हणाला, "सायेब, चार रेगा व्हत्या, आठवतंय मना. खोल व्हत्या, म्हणून तर जास्त येल धरला. कागदायवडा माल निघाला. तो आता कुठून आनू?"

"कितीवर होत्या रे? अंदाजाने?"

"रोज पन्नास भांडी येतात. नाय सांगू शकत. तुमीच बोल्लात आरशासारखा पायजे." तो निरोप माझ्या तोंडून गेला होता, म्हणून मी खाली बघत उभी राहिले.

परतताना इसाजी रिक्षात म्हणाले, "याच बनावटीची तीन भांडी माझ्या पलंगाखाली पडलीत, बाई. मोटर आणू शकतो, गिअर कापून घेऊ शकतो. रेघा कुठून आणू?" मला त्यांचा राग येत होता, स्वतःचाही येत होता, आणि दोन्ही रागांचा काडीइतका उपयोग नव्हता.

मधल्या काळात ताहिराने त्या तिघांतलं एक भांडं नेऊन अंदाजाने दोनदा केक केला. एकदा दगड झाला, एकदा मधे बसला. अम्मीने एक तुकडा तोंडात धरला आणि मग हळूच रुमालात काढून ठेवला, मुलीला वाईट वाटू नये म्हणून.

मग इसाजींच्या डोक्यात आलं की भांडं अम्मीकडेच न्यायचं. डोकं विसरलं तरी हात विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं ज्या उंचीवर बोट थांबलं, तिथे आपोआप थांबेल. आपण खूण करून घेऊ. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? त्यांनी खिशात काचेवर लिहायचं पेन घेतलं आणि आम्ही कामोठ्याला गेलो.

अम्मी खिडकीपाशी खुर्चीत होती. डोक्यावर पांढरी ओढणी, उजवा हात उशीवर ठेवलेला. ताहिराने मशीन टेबलावर ठेवून सुरू केली. तो आवाज ऐकून अम्मीचा अर्धा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, जमलं. इसाजींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांनाही तसंच वाटलं होतं.

"भाभी, जरा यात हात घालता?" इसाजींनी भांडं तिच्या मांडीवर धरलं.

तिने डावा हात आत घातला. तर्जनी कडेवरून खाली घसरली, थांबली. ताहिराने पटकन खूण केली. मग बोट आडवं सरकलं, परत आलं, वर गेलं. तिथे दुसरी खूण. मग बोट पुन्हा खाली, पहिल्या खुणेच्या दोन बोटं खाली. तिसरी खूण. मग अगदी काठाशी. थोड्या वेळाने बोट थांबेनासंच झालं, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. खुणा नऊ झाल्या आणि त्यातल्या कुठल्या दोन जुळत होत्या असं नाही. ताहिराने पेनाचं टोपण लावलं.

अम्मीने हात बाहेर काढला. बोटांकडे पाहिलं. ओढणीला बोटं पुसली आणि पुन्हा आत घातली, या वेळी नखाने चाचपत. पुन्हा बाहेर काढली, अंगठ्यावर बोटं चोळली. मग तिने उशीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि परत डाव्याकडे. तिचा चेहरा उतरत गेला तो मी बघत होते आणि तरी मला समजायला वेळ लागला. ताहिराला आधी समजलं.

"नाही, अम्मी, नाही," ती गुडघ्यावर बसली. "हात चांगला आहे. हात गेला नाही. रेघाच नाहीत त्यात. पॉलिश केलंय, पुसल्या गेल्या."

अम्मीने डावा हात तिच्यापुढे धरला, डॉक्टरला दाखवावा तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाभी, मी पुसल्या," इसाजी मोठ्याने म्हणाले. "ही चूक माझी आहे. खुदा की कसम, तुमचा हात चांगला आहे." अम्मीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दोन वर्षं माणसं तिला सगळं ठीक आहे असंच सांगत होती. पाहुणे म्हणून आलेले, भले, पांढऱ्या केसांचे गृहस्थ समजूत घालताहेत, तर आपण मान हलवावी, तेवढी रीत तिला होती.

त्या रात्री तिने चमचा धरला नाही.

आता तीन महिने झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाताला काही झालेलं नाही. इसाजी दर गुरुवारी कामोठ्याला जातात, कधी मी बरोबर असते. खिशातून काहीतरी काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवतात, एकदा दातेरी चक्र, एकदा आटे पाडलेला बोल्ट, एकदा अक्रोड. म्हणतात, "लागतं ना भाभी हाताला? खरबरीत लागतं ना?" ती बोटांनी चाचपते, हसते आणि हो म्हणून मान हलवते. मग ताहिरा ताट आणते. अम्मी डावा हात उचलून मांडीवर उजव्याशेजारी ठेवते आणि तोंड उघडते.